पन्नास किलोच्या आत

बेळगुंदीच्या काजू कारखान्यात आई किलोवर जाते.
जेवढा गर सोलेल तेवढे पैसे, तुकडा पडला की निम्मे.
सालीच्या तेलानं तिच्या बोटांचे ठसे गेलेत,
रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही,
पण बी तळहातावर घेतली की न फोडता सांगते:
ही भरलेली. ही पोकळ.

मी पण किलोवरच जातो.
(आमच्याकडं पोरी असंच बोलतात, जातो, येतो, खेळतो.
पुण्याच्या शिबिरात सगळ्या हसल्या. हसू देत.)
वहीत दोन रकाने, सकाळचं आणि रात्रीचं.
त्रेपन्न चारशे. बावन्न नऊशे.
धारवाडच्या निवडीला पन्नासच्या आत,
म्हणून एप्रिलच्या उन्हात दोन स्वेटर, वर रेनकोट,
राकसकोपच्या रस्त्याला पळायचं,
बाटलीत थुंकत राहायचं.
थुंकीलाही वजन असतं.
आईला सोमवार सांगितला, गुरुवार सांगितला, शनिवार सांगितला,
तिला वाटलं पोर देवाला लागली.
गावच्या जत्रेत मटणाचा नुसता वास घेऊन ताटावरनं उठलो.
एकोणपन्नास आठशे!
बसगोंड सरांनी पाठीवर थाप मारली,
ती हाडावरच बसली.

पाळी कधी थांबली ते वहीत नाही.
तो रकाना आखलाच नव्हता.
होस्टेलातली गंगव्वा म्हणाली, बरं झालं की गे,
पॅडचे पैसे वाचले.
सर म्हणाले, खेळणाऱ्या पोरींचं होतं असं,
आणि शिट्टी फुंकली.
मी पण खूश होतो, खरं सांगायचं तर.

मग डाव्या नडगीत ठणका.
एक्स-रेत केसाएवढी रेघ.
टिळकवाडीच्या डॉक्टरीणबाई पाय बघत होत्या,
आणि विचारलं भलतंच:
मुट्टु यावाग आगित्तु?
त्यांच्या भाषेत पाळी म्हणजे मुट्टु,
आणि शिवणं म्हणजेही मुट्टु.
आमच्यात कावळा शिवतो.
पाट्यांवरनं एवढी भांडणारी माणसं आम्ही,
एवढ्या एका गोष्टीत एकमत.

मला सात महिने काही शिवलं नव्हतं.
दिवसभर अंगाला अंग,
मानेवर कोपर, मांडीला पट,
आणि आत कुणाचा हात पोचत नाही.

त्या म्हणाल्या, लाकडं कमी पडली की
शरीर आधी दिवा विझवतं,
मग छपराचे वासे काढून जाळायला घेतं.
नडगी म्हणजे वासा, बाळ.
औषध लिहिलं त्यात पहिलं होतं: भात.

बसमध्ये आई बोलली नाही.
स्टॉपवर उतरल्यावर माझं मनगट धरलं,
कारखान्यात धरते तसं, जरा तोलत.
भरलेली की पोकळ,
सांगितलं नाही.

आता त्रेपन्नात खेळतो.
पहिल्याच कुस्तीत हल्याळच्या पोरीनं चीत केलं,
सर पंधरा दिवस माझ्याकडं बघत नव्हते.
वहीत तिसरा रकाना आखलाय.
जून कोरा. जुलै कोरा.
भाकऱ्या तीन.

काल तालमीतली निंगव्वा कानाशी आली, चौदाची आहे.
ताई, माझी पण बंद झाली,
म्हणजे मी पट्टीची झालो न्हवं?
हसत सांगत होती.

मला काय बोलावं सुचेना. घरी घेऊन आलो.
आईनं ऐकलं, पीठ जास्तीचं काढलं,
आणि परातीत पाणी ओतून
मूठभर काजूबिया तिच्यापुढं सोडल्या.
बहुतेक तळाला गेल्या.
दोन वर राहिल्या.

निंगव्वानं एक बोटानं खाली दाबली,
धरून ठेवली थोडा वेळ.
सोडली,
तर परत वर.